रिजेक्टसाहेबांचा शनी

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात एक उंच स्टूल होतं आणि त्यावर वर्षानुवर्षं एकच माणूस बसला. समोरून पट्ट्यावर बाटल्या सरकायच्या, त्यांच्या मागे उजळलेला पांढरा पडदा असायचा, आणि या गृहस्थांचं काम एवढंच, की उजेडासमोरून जाणाऱ्या बाटलीतली खोट हुडकायची. काचेत बुडबुडा, बुडाशी खडा, गळ्याला केसाएवढी चीर. खोट दिसली की बाटली उचलून शेजारच्या पिंपात फेकायची. फेकताना ते मोठ्याने म्हणायचे, "रिजेक्ट!" म्हणायची तशी काही गरज नव्हती, बाटलीला काही ऐकू येत नाही. पण भट्टीवरच्या लोकांना ऐकू जायचं, आणि साहेबांना तेच हवं असायचं. कामगारांनी त्यांचं नाव रिजेक्टसाहेब ठेवलं. ते कानावर आलं तेव्हा त्यांना राग नाही आला, उलट छाती फुगली. यावरून काय ते ओळखा.

इतर लोक नोकरी कारखान्याच्या फाटकाशी ठेवून घरी जातात. साहेब स्टुलासकट घरी यायचे. इस्त्रीचा शर्ट खिडकीशी धरून बघायचे, चहाचा पेला दिव्याशी धरून बघायचे, आणि आलेल्या पाहुण्यालाही असं न्याहाळायचे की तो बिचारा शर्टाची बटणं चाचपायला लागायचा. घरात तेल, पाणी, फिनेल सगळं कारखान्याच्या नापास बाटल्यांत भरलेलं असे. त्यांची बायको एकदा त्या बाटल्या पुसता पुसता म्हणाली, "या काय आणि मी काय, तुमच्या पिंपातून वाचलेल्या." साहेबांना विनोद कळत नसे. त्यांनी तिला बुडाचा डाग नीट पुसायला सांगितलं.

एकच मुलगी. शाळेत असताना तिने शनीचं चित्र काढलं होतं, पिवळा ग्रह आणि भोवती हाताने काढलेलं कडं. ती ते घेऊन धावत बापाकडे आली. बापाने कागद खिडकीच्या उजेडाशी धरला. "कडं वाकडं आहे," ते म्हणाले. "आणि हे हाताने काय काढतेस? तुला कळत नसेल तर हात लावू नये." पोरगी रडली नाही. तिने कागदाची घडी घातली, पुन्हा घडी घातली, आणि पुढे शनीबद्दल काय किंवा कशाबद्दलच काय, बापाला दाखवायला म्हणून काही आणलं नाही. मोठी होऊन ती दुसऱ्या गावी शाळेत विज्ञान शिकवायला लागली. तिने लग्न ठरवलं ते एका बेकरीत पाव भाजणाऱ्या मुलाशी. मुलगा पहिल्यांदा घरी आला, खुर्चीच्या टोकाला बसला, आणि साहेबांनी चार लोकांदेखत निकाल दिला, "माल हलका आहे. पण निवड तिची." त्या दिवसापासून मुलगी फोन करायची तो आईला. "बाबा बरे आहेत ना?" एवढं विचारायची, आणि तेही आईलाच.

आता साहेबांना याचं काही वाटत होतं का? ते विचारायची कोणाची टाप नव्हती. पण निवृत्तीनंतर बायकोचा फोन वाजला की साहेबांना नेमकी त्याच वेळी तहान लागायची. ते स्वयंपाकघरात यायचे, पाणी ओतून घ्यायचे, आणि पेला हातात धरून तो पिता पिता एवढा वेळ लावायचे की त्यात एक बादली संपली असती. मुलीने एकदा म्हणावं, "आई, बाबांना दे जरा," एवढी एकच इच्छा त्या माणसात शिल्लक होती. ती त्यांनी कोणापुढे कबूल केली नाही. स्वतःपुढे तर नाहीच.

मग एक दिवस घरात दुर्बीण आली. नवशिक्यांसाठी मिळते तसली; जाडजूड पांढरी नळी, तळाशी वाटोळा आरसा, वरच्या तोंडाशी पातळ पट्ट्यांवर बसवलेला छोटा तिरपा आरसा, आणि बाजूला डोळा लावायचं भिंग. लहानपणी मुलीने हट्ट धरला होता तो याच वस्तूचा. तेव्हा साहेबांनी तो हट्टही पिंपात टाकला होता.

"कशाला आणलीत?" बायकोने विचारलं.

"अभ्यासाला."

"कोणाच्या?"

"तुला कळायचं नाही. हात लावू नकोस."

गच्चीवर दुर्बीण मांडून साहेबांनी चंद्र पाहिला, आणि चंद्रही त्यांना तितकासा पसंत पडला नाही. "फार खड्डे आहेत," म्हणाले. डोळ्याने बघण्यात त्यांना फारशी गोडी नव्हतीच. डोळ्याने पाहिलेलं दुसऱ्या गावी कसं पाठवणार? हवा होता फोटो. तेव्हा ते स्टुडिओवाल्याकडे गेले. पासपोर्टचे फोटो काढणारा हा गरीब स्वभावाचा माणूस. त्याच्याकडून त्यांनी जुना मोठा कॅमेरा घेतला, आणि कॅमेऱ्याचं स्वतःचं भिंग काढून त्याजागी लावायची एक धातूची कडी मागवली. या कडीचे आटे एका अंगाने कॅमेऱ्यात बसतात, दुसऱ्या अंगाला आखूड नळी असते, ती दुर्बिणीत डोळ्याच्या भिंगाच्या जागी खोचायची. म्हणजे दुर्बीण हेच कॅमेऱ्याचं भिंग झालं.

"साहेब, या लहान दुर्बिणींना कॅमेरा कधी कधी जमत नाही म्हणतात," स्टुडिओवाला भीत भीत म्हणाला. "मी काही लावून बघितलं नाही, पण..."

"मग बघितलं नाही त्यावर बोलू नये," साहेब म्हणाले. हे वाक्य त्यांनी स्वतःला कधी लावून पाहिलं असतं तर पुढचा सगळा तमाशा टळला असता.

कॅमेरा लावला तर दुर्बीण मान टाकायला लागली. वजन फार. मग साहेबांनी आपल्याच कारखान्याची एक नापास बाटली वाळूने भरली आणि नळीच्या दुसऱ्या बाजूला सुतळीने बांधली. तोल साधला. ही युक्ती खरोखर चांगली होती, नाही म्हणायचं कारण नाही. पण एक युक्ती जमली की साहेबांसारखी माणसं आपल्याला सगळंच जमलं असं धरून चालतात.

संध्याकाळी दिवेलागणीला पश्चिमेकडे एक टपोरा तारा दिसत होता. साहेबांनी ठरवलं, हा शनी. का, तर तो लुकलुकत नव्हता. कुठल्या पंचांगात किंवा पुस्तकात बघायची त्यांना गरज वाटली नाही. त्यांनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर नजर लावली आणि दुर्बिणीची फोकस जुळवायची चकती फिरवायला सुरुवात केली. सुरुवातीला नुसता पांढरा धुरकट भोपळा. चकती आत फिरवत नेली तसा भोपळा लहान होत गेला, त्याच्या मध्ये काळं भोक पडलं, कडा उजळ झाल्या. मग चकती टक्कन अडली. पुढे जाईना. पडद्यावर उरलं ते एक स्वच्छ, गोल, चमकतं कडं, आणि मधोमध काळा गोळा.

साहेब पडद्यावर आणखी वाकले. कडं! शनीचं कडं!

खरी गोष्ट अशी, की या असल्या दुर्बिणी माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेल्या असतात. कॅमेऱ्यात प्रतिमा पकडणारा पडदा असतो तो त्याच्या पोटात खोल, त्यामुळे तो जिथे पोचायला हवा त्याच्या दोन बोटं मागेच राहतो. चकती कितीही फिरवा, फोकस काही लागत नाही. आणि फोकस चुकला की साधा तारादेखील फुगून कड्यासारखा दिसतो. मधलं काळं भोक म्हणजे दुर्बिणीच्या तोंडाशी बसवलेल्या त्या छोट्या आरशाची सावली. हे सगळं दुर्बिणीबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेत चित्रासकट दिलेलं होतं. साहेबांनी पुस्तिका उघडली होती, पण तिच्यात छपाईच्या चुका निघाल्या म्हणून ती रद्दीत घातली होती.

त्यांनी फोटो काढला, आणि उभ्या आयुष्यात जे केलं नव्हतं ते केलं. तपासताच पास केला.

दुसऱ्या दिवशी ते स्टुडिओत हजर. हा भला मोठा प्रिंट, जाड काळी चौकट. स्टुडिओवाल्याने फोटो लांब धरला, जवळ धरला. "साहेब, फोकस जरा..."

"जरा काय?"

"नाही, काही नाही. छान आहे."

चौकट दिवाणखान्यात लागली, ती बसल्याजागी प्रत्येकाला दिसेल अशी. मग शेजाऱ्यांना बोलावणी गेली. समोरच्या दारचा निवृत्त पोस्टमन आला, वरच्या मजल्यावरची नर्स तिच्या सासूला घेऊन आली. साहेब हातात पट्टी घेऊन फोटोशेजारी उभे राहिले. पट्टी! घरात, पाहुण्यांसमोर!

"हे कडं. हा मधला ग्रह. तो काळा का दिसतो? सांगा."

पोस्टमनने कपात पाहिलं. साहेबांनीच उत्तर दिलं.

"कारण सूर्य त्याच्या मागे आहे. साधी गोष्ट आहे, विचार करायची सवय लागते. आणि या कड्यात या बारीक रेघा दिसताहेत ना, त्या भेगा. कड्याला भेगा असतात, हे फार थोड्या लोकांना माहीत आहे."

त्या रेघा म्हणजे छोटा आरसा धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या सावल्या होत्या, आणि हे ज्ञान फार थोड्या लोकांना होतं याचं कारण ते जगात दुसऱ्या कोणालाही नव्हतं. पोस्टमनने पुन्हा पुन्हा मान डोलावली, कारण त्याला चहा संपवून निघायचं होतं. नर्सची सासू म्हणाली, "मेदूवड्यासारखा दिसतो हो," आणि साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने उरलेला चहा तसाच ठेवला. बायको आतून कप गोळा करायला आली तेव्हा पुटपुटली, "घरात एक शनी होताच. आता भिंतीवर दुसरा."

पण हे सगळे पाहुणे म्हणजे नुसती तालीम. खरा प्रेक्षक दुसऱ्या गावी होता. साहेबांनी फोटो मुलीला पाठवला, खाली लिहिलं, "शनी. स्वतः टिपलेला. कडं पाहावं." आणि फोन मांडीवर ठेवून बसले. ज्या माणसाने लोकांना निकालासाठी ताटकळत ठेवलं, तो निकालासाठी ताटकळला. उत्तर आलं.

"छान आहे बाबा."

साहेबांनी ते वाचलं. चष्मा पुसून वाचलं. कपाट उघडून उगाच काहीतरी शोधलं आणि परत येऊन वाचलं. आणि दोनच दिवसांनी, बायकोचा फोन वाजला, साहेब पाण्याला आले, आणि बायकोने फोन त्यांच्यापुढे धरला. "घ्या. तुम्हांला दे म्हणते आहे."

पेला ओट्यावर कलंडला. साहेब फोनवर बोलले. म्हणजे बोलले काय, कड्याच्या भेगा, काळा ग्रह, मागचा सूर्य, सगळं व्याख्यान पुन्हा दिलं. पलीकडून मुलगी "हो... हो बाबा... अच्छा" म्हणत राहिली. एकदाही खोडलं नाही. शेवटी म्हणाली, "तब्येतीला जपा." फोन ठेवल्यावर साहेब गच्चीवर गेले आणि कठड्याला धरून बराच वेळ नुसते उभे राहिले. इतकी वर्षं बाटल्या तपासल्या, पण काच आरपार दिसते म्हणजे काय, ते त्यांना त्या संध्याकाळी कळलं असं त्यांचं त्यांनाच वाटलं. माणूस खूश झाला की असला फाजील विचार करतोच.

आता त्यांना चटक लागली. शनी झाला, पुढचा ग्रह पाठवायचा, म्हणजे पुढचा फोन येईल. हिशोब सरळ होता. पुढच्या स्वच्छ संध्याकाळी त्यांनी दुर्बीण मांडली, कॅमेरा खोचला, वाळूची बाटली बांधली, आणि पूर्वेच्या एका ताऱ्याकडे नळी वळवली. पडद्यावर कडं आलं, मधोमध काळा गोळा.

साहेब चपापले. मग मनाशी म्हणाले, असेल, आणखी एखाद्या ग्रहाला असेल कडं. नळी दुसऱ्या ताऱ्याकडे वळवली. तिथेही कडं. तिसऱ्याला कडं. वळवता वळवता सुतळी सुटली, बाटली घसरली, नळीने एकदम मान टाकली आणि ती रोखली गेली लांबच्या टेकाडावरच्या मोबाइलच्या टॉवरवर. टॉवरच्या टोकाला लाल दिवा असतो, विमानांसाठी. पडद्यावर लाल रंगाचा शनी आला. गोल, स्वच्छ, कड्यासकट आणि भेगांसकट.

कारखान्यात एक नियम होता, आणि तो नव्या पोरांना साहेबच शिकवायचे. एका बाटलीत डाग दिसला तर बाटली फेका. ओळीने प्रत्येक बाटलीत त्याच जागी तोच डाग दिसला, तर बाटल्यांना हात लावू नका. पट्टा थांबवा आणि साचा तपासा.

साहेब गच्चीच्या जमिनीवर बसले. त्यांनी पट्टा कधी थांबवला नव्हता, निदान घरात तरी नाही.

खाली आले तेव्हा बायको पडद्यांत दोरी ओवत बसली होती. साहेब चौकटीसमोर उभे राहिले.

"तो शनी नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे," बायको म्हणाली आणि दोरी ओढत राहिली.

"तुला? तुला कसं माहीत? तुला काय कळतं यातलं?"

"मला काही कळत नाही. लेकीला कळतं. तुम्ही फोटो पाठवलात त्याच दिवशी म्हणाली, आई, हा फोकस चुकलेला तारा आहे. शनी हल्ली पहाटे उगवतो, संध्याकाळी दिसतच नाही."

साहेबांना तहान लागली. या वेळी खरोखर. "मग मला का नाही सांगितलं तिने?"

बायकोने दोरी खाली ठेवली. "म्हणाली, राहू दे. बाबांना चूक दाखवायची म्हणजे वर्षभराचं भांडण. त्यापेक्षा छान म्हटलेलं बरं. शाळेत ज्या पोरांना सांगून उपयोग नसतो, त्यांना आम्ही छानच म्हणतो, म्हणाली."

"आणि तो फोन? माझ्याशी बोलली ती?"

"तुम्ही पाणी पीत उभे राहता ते मला दिसतं हो. मीच म्हटलं तिला, दोन शब्द बोल."

ती पुन्हा दोरी ओवायला लागली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि साहेबांना तेच सोसेना. तिने फडाफडा बोलून घेतलं असतं तर त्यांना उत्तर देता आलं असतं, उत्तरं त्यांच्याकडे ढिगाने होती. पण या घरातल्या दोन बायकांनी त्यांना केव्हाच तपासून बाजूला ठेवलं होतं, आणि तेसुद्धा आवाज न करता.

त्यांनी चौकट भिंतीवरून उतरवली. ट्यूबलाइटशी धरली, जशी बाटली धरायचे तशी, आणि पहिल्यांदाच नीट पाहिली. धूसर, फुगलेला, कुठलातरी बिननावाचा तारा. कुठल्याही शिकाऊ पोराने पिंपात टाकला असता. त्यांनी चौकट उलटी करून भिंतीशी टेकवून ठेवली.

मग फोन घेतला आणि लिहायला लागले. "कॅमेऱ्यातील तांत्रिक दोषामुळे..." पुसलं. "स्टुडिओवाल्याने आधी नीट न सांगितल्यामुळे..." हेही पुसलं. "मला आधीच शंका होती..." एवढं लिहून मात्र ते थांबले. एवढं धादांत खोटं त्यांच्याच्याने पुढे जाईना. पुसून पुसून शेवटी उरलं ते असं: "तो शनी नव्हता. फोकस चुकला होता. चूक माझी. तुझ्या चित्रातलं कडं जास्त बरं होतं."

पाठवलं, आणि फोन पालथा ठेवला. मांडीवर ठेवायचा धीर झाला नाही.

उत्तराला वेळ लागला. बायकोचे पडदे ओवून झाले, ते खिडकीला लागले, तरी फोन गप्प. मग तो वाजला. वाजला तो साहेबांचा फोन, बायकोचा नव्हे. त्यावर मुलीचं नाव होतं. साहेबांना उचलायला एवढा वेळ लागला की बायकोला ओरडावं लागलं, "अहो, घ्या ना!"

"बाबा," मुलगी म्हणाली. "ते चित्र आठवतं तुम्हांला?"

"आठवतं."

मग तिचा आवाज बदलला, वर्गात असतो तसा खणखणीत झाला. "तळाचा आरसा नळीत थोडा पुढे घ्यावा लागेल, मग फोकस लागेल. त्याचे स्क्रू नाजूक असतात. रविवारी आम्ही दोघं येतो. हो, दोघं. त्याचा हात स्थिर आहे, तो बसवेल." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "तोवर कशालाही हात लावू नका बाबा. तुम्हांला कळत नाही त्यातलं."

आयुष्यात हे वाक्य साहेबांना कोणी ऐकवलं नव्हतं. ते "बरं" म्हणाले. रागाने नाही, उपरोधाने नाही, नुसतं "बरं".

थोड्या वेळाने बायको गच्चीवरून कपडे घेऊन खाली आली. "अहो, ती दुर्बीण तशीच वाकडी पडली आहे वर. बाटली लोंबते आहे. सरळ करून झाकण तरी घाला."

साहेब खुर्चीतून उठले, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन बसले.

"नको," ते म्हणाले. "हात लावू नका म्हणाली आहे ती."